शब्दचर्चा : 'आपत्कालीन आदेश' की 'निदेश'? ग्रीडच्या बातमीत कोणता शब्द लिहावा

धुऱ्यावरचा (दारव्ह्याकडे)

नमस्कार मंडळी. एका मथळ्यावरून आमच्या गावात गोंधळ झाला म्हणून विचारतो. ग्रूपवर एक जुनं कात्रण फिरत आलं, २०२४ च्या उन्हाळ्यातलं. वर मोठ्या अक्षरात 'ग्रीडसाठी आपत्कालीन आदेश' अन् खाली बारीक अक्षरात की गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी १ मे ते ३० जून वीज बनवायला तयार राहावं असं केंद्र सरकारने सांगितलं. म्हणजे बातमी वीज वाढवायची. पण खालचं कोण वाचते, लोकायनं वरचं पाह्यलं अन् समजले की लोडशेडिंग लागून राह्यलं, काही जणांनी तं रातभर जागून वावरातलं ओलीत उरकून घेतलं, बायांनी घरातली भांडीकुंडी सगळी पाण्यानं भरून ठेवली.

आता मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज दोन ओळी बातम्या लिहितो, म्हणून मले हा शब्द पक्का पाह्यजे. अशा आदेशाले आपत्कालीन म्हणावं, आणीबाणीचा म्हणावं, तातडीचा म्हणावं, निर्देश म्हणावं की वटहुकूम? चावडीवर तं फतवा पण म्हणतात. अन् ग्रीडले, म्हणजे साऱ्या देशातल्या विजेच्या तारांच्या जाळ्याले, आपला काही शब्द आहे काय? कोशातला नको, फळ्यावर लिहिला तं म्हाताऱ्या माणसाले कळला पाह्यजे असा सांगा.

मराठीच्या मॅडम (वर्धा)

चांगला प्रश्न आहे आणि वाटतो तेवढा साधा नाही.

आधी 'आपत्कालीन'. आपद् अधिक काल, म्हणजे संकटाचा काळ. आपल्याकडे नागपूर-वर्ध्यात पुष्कळ जण 'आपातकालीन' लिहितात, दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा दिसतं, तो हिंदीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा धातूच वेगळा, आपात म्हणजे अचानक येऊन कोसळणं. १९५६ पर्यंत आपण आधी मध्य प्रांतात अन् मग मध्य प्रदेशात होतो, हिंदी-मराठी एकाच कचेरीत चालायची, त्यामुळे असे शब्द आपल्या तोंडात बसले आहेत, त्यात वाईट काही नाही, फक्त मराठीत लिहिताना 'आपत्कालीन' लिहावं.

'आणीबाणी' हा जुना आणि खूप चांगला शब्द, आणीबाणीची वेळ म्हणजे आता काहीतरी केलंच पाहिजे अशी वेळ. पण १९७५ नंतर या शब्दाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, नुसतं 'आणीबाणी' म्हटलं की २५ जून १९७५ च आठवते. विजेच्या बातमीत 'आणीबाणीचा आदेश' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात भलतंच काही येईल.

'फतवा' मुळीच नको, तो धर्मशास्त्रातल्या मताचा शब्द आहे. 'वटहुकूम' पण नको, पण ते कायद्यातलं कोणी जाणकार सांगतील तर बरं.

'निर्देश'बद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचं आहे. मराठीत निर्देश म्हणजे बोट दाखवणं, उल्लेख करणं, म्हणून निर्देशांक, अंगुलिनिर्देश. 'मंत्र्यांनी निर्देश दिले' हा वापर हिंदीच्या संगतीनं पसरला. हुकमाच्या अर्थानं कायद्याच्या मराठीत शब्द आहे 'निदेश', र नाही त्यात. संविधानाच्या मराठी प्रतीत 'राज्यधोरणाची निदेशक तत्त्वे' असं आहे बघा, आपण शाळेत मार्गदर्शक तत्त्वे म्हणून शिकवतो ती. आदेश, निदेश, निर्देश, संदेश, उपदेश ही सगळी एकाच 'दिश्' धातूची लेकरं, म्हणून एकमेकांत मिसळतात.

काळा कोट (आर्वी)

मॅडमनी निदेश म्हटलं ते कायद्याच्या अंगानंही बरोबर बसतं. विद्युत अधिनियम २००३, कलम ११. त्यात असं आहे की असाधारण परिस्थितीत समुचित सरकार वीज बनवणाऱ्या कंपनीला तिचं केंद्र आपल्या निदेशांप्रमाणे चालवायला आणि राखायला सांगू शकतं. समुचित सरकार म्हणजे प्रकरण पाहून केंद्र किंवा राज्य. अन् असाधारण परिस्थिती म्हणजे काय हेही खाली स्पष्टीकरणात दिलेलं आहे, देशाच्या सुरक्षेला धोका, सार्वजनिक सुव्यवस्था, नैसर्गिक आपत्ती, किंवा लोकहितातून उद्भवलेली तशी दुसरी परिस्थिती.

लक्षात घ्या, या कलमात 'इमर्जन्सी' हा शब्दच नाही. म्हणजे 'आपत्कालीन' हे पेपरवाल्यांनी लावलेलं विशेषण आहे, कायद्यानं लावलेलं नाही.

वटहुकूम तर नाहीच. विधिमंडळ किंवा संसद बसलेली नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल जो तात्पुरता कायदा काढतात तो वटहुकूम, पेपरात त्याला अध्यादेश म्हणतात. इथं कायदा आधीच आहे, त्यातल्या एका कलमाचा वापर करून खात्यानं पत्र काढलं इतकंच.

आता हे पत्र कधी निघालं ते सांगतो म्हणजे धुऱ्यावरच्या भाऊंना संदर्भ लागेल. ५ मे २०२२ ला केंद्रानं बाहेरच्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांना पूर्ण क्षमतेनं चालवा म्हणून सांगितलं. झालं असं होतं की उन्हाळा कडक, मागणी चढलेली, देशातला कोळसा पुरेना, अन् गुजरातेत मुंद्र्यासारख्या ठिकाणची मोठमोठी केंद्रं परदेशी कोळसा महाग झाल्यामुळे परवडत नाही म्हणून पडून किंवा अर्धवट चालत होती. यंत्रं उभी आहेत, वीज बनू शकते, पण करारातला भाव परवडत नाही म्हणून बनत नाही, अशा वेळेसाठीच हे कलम कामी आलं. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये परत काढलं, १६ मार्चपासून लागू, अन् त्यानंतर मुदत वाढत वाढत गेली. गॅसवाल्यांचं २०२४ चं, ते तुमच्या कात्रणातलं.

अन् राज्यंही वापरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा कर्नाटक सरकारनं याच कलमाखाली आपल्या राज्यातल्या वीज कंपन्यांना सांगितलं की वीज राज्याच्या ग्रीडलाच द्या, बाहेर विकू नका. म्हणजे बघा, कलम एकच पण एका ठिकाणी अर्थ 'चालवा' अन् दुसऱ्या ठिकाणी 'बाहेर नेऊ नका'.

संत्रावाला (वरुड)

वकीलसाहेब, तुमचं समजलं, पण मले सांगा, जबरदस्तीनं चालवा म्हटलं अन् कोळसा महाग, तं पैसे कोण भरते? तो शब्द बी सांगा ना. अन् दुसरं, वायरमनले कधीबी विचारलं की लाईन काहून गेली तं एकच उत्तर, वरून आदेश आहे. आता तुम्ही म्हणता सरकारचा आदेश वीज चालू ठेवायचा असते. मंग बंद करायचा आदेश कोणाचा? का दोन्ही आदेश एकाच कचेरीतून निघतात? आम्ही रातच्या पाळीले वावरात जातो, डुकरायची भीती, सापायची भीती, अन् अर्ध्या वाफ्यात पाणी असतानी लाईन जाते. नाव तं कळलं पाह्यजे कोणाचा आदेश ते.

काळा कोट (आर्वी)

पैशाचं आधी. कलम ११ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे की अशा निदेशामुळे कंपनीवर जो प्रतिकूल आर्थिक परिणाम होईल तो वीज नियामक आयोग भरून काढू शकतो. सोप्या मराठीत भरपाई. शेवटी महाग इंधनाचा खर्च वीज घेणाऱ्याकडे येतो, तुमच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' म्हणून ओळ असते ना, इंधनाच्या भावातला फरक त्या वाटेनं येतो.

बंद करायचं कोण सांगतं ते मात्र ऑपरेटरकाकांनी सांगावं, त्यांनी आयुष्य त्यात काढलं आहे.

जुना ऑपरेटर (३३ केव्ही उपकेंद्र, आता निवृत्त)

सांगतो, जरा लांबेल. संत्रावाले भाऊ, तुमचा प्रश्न या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

'वरून आदेश' म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत अन् आपण तिन्हीले एकच शब्द वापरतो, तिथून सगळा घोटाळा सुरू होते.

पहिली गोष्ट वकीलसाहेबांनी सांगितली ती, सरकार वीजकेंद्राले सांगते की चालव. हे दिल्ली-मुंबईचं काम, ते पत्र आमच्या उपकेंद्रापर्यंत कधी येतच नाही, येण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट लोड डिस्पॅचची. मराठीत भार प्रेषण केंद्र. राज्याचं आहे ऐरोली-कळव्याकडे, पश्चिम विभागाचं मुंबईत, त्याच्यावर देशाचं दिल्लीत. हे लोक चोवीस तास फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावे घेते ते, पाहत बसतात. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ पाह्यजे, ४९.९० ते ५०.०५ च्या मधात. वापर वाढला अन् बनणारी वीज कमी पडली की ती खाली घसरते. साऱ्या देशातली जनित्रं एका जुवाले जुंपलेल्या बैलांसारखी आहेत, चंद्रपूरचं असो की कोराडीचं की पार तमिळनाडूतलं, सगळ्यांचा वेग एकच, एक अडखळला की बाकीच्यांवर ओढ येते. ३१ डिसेंबर २०१३ ले रायचूर-सोलापूर लाईन जुळली तेव्हापासून दक्षिण पण आपल्यात आली. तं फ्रिक्वेन्सी फारच पडायला लागली की हे केंद्र सांगते इतके मेगावॅट कमी करा, अन् ते सांगणं पाळावंच लागते, कायद्यात त्याचं कलम वेगळं, २९ अन् ३३, अन् नाही ऐकलं तं दंड. तेवढ्यानंही नाही जमलं तं रिले नावाचं यंत्र आपोआप फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे जाणारी लाईन, तोडते, तिथं तं कोणाचा आदेशच नसते, यंत्रच निर्णय घेते.

३० अन् ३१ जुलै २०१२ ले जे झालं ते सगळ्यांनी ऐकलं असंल, उत्तरेकडचा, दुसऱ्या दिवशी पूर्व अन् ईशान्येकडचाही ग्रीड पडला, ६० कोटीहून जास्त लोक अंधारात. सुरुवात झाली ग्वाल्हेर-बिना लाईनपासून. आपला पश्चिमेकडचा भाग तेव्हा वाचला. असं होऊ नये म्हणून लोड डिस्पॅचचा फोन आला की ऑपरेटर वाद घालत नाही, आधी फीडर बंद करते मग रजिस्टरात वेळ लिहिते. याला आम्ही कधी आदेश नाही म्हटलं, आम्ही म्हणायचो 'मेसेज आला'. रजिस्टरात पण तेच लिहायचो, मेसेजप्रमाणे बंद.

तिसरी गोष्ट वितरण कंपनीचं वेळापत्रक. अमुक दिवस दिवसा थ्री फेज, अमुक दिवस रात्री. तुमची रातपाळी आहे ती याच्यातून येते, तिचा ग्रीडच्या संकटाशी रोजचा संबंध नाही, ते ठरवून केलेलं वाटप आहे. अन् तुटवडा पडला की याच्यातच भारनियमन घुसते. एप्रिल २०२२ मध्ये घुसलं होतं, ज्या फीडरवर गळती जास्त अन् वसुली कमी त्यांना जी-१, जी-२, जी-३ असे गट देऊन त्यांचा नंबर आधी.

तं वायरमनने 'वरून आदेश' म्हटलं की त्याले विचारा, मेसेज आहे का वेळापत्रक आहे का फॉल्ट आहे. चौथं पण असते खरं म्हणजे, परमिट, कोणीतरी लाईनवर चढलेला असते म्हणून बंद. तिथं तं चुकूनही घाई करायला लावू नका, माणसाचा जीव असते वर.

मराठीच्या मॅडम (वर्धा)

काका, हे फार उपयोगी झालं. म्हणजे आपल्याकडे शब्द आधीच आहेत, फक्त जागच्या जागी वापरले पाहिजेत. सरकारचा 'निदेश', भार प्रेषण केंद्राची 'सूचना' किंवा तुमच्या भाषेत मेसेज, आणि कंपनीचं 'भारनियमन'.

भारनियमन या शब्दाबद्दल एक सांगते. लोडशेडिंगमध्ये भार टाकून देण्याचा अर्थ आहे, उघड आहे, कोणाचा तरी भार टाकला जातो. मराठीत आपण नियमन म्हटलं, त्यात टाकून देणं दिसतच नाही, सगळं शिस्तीत चाललं आहे असं वाटतं. मला हा शब्द कधीच पटला नाही. ज्याच्या घरातला दिवा जातो त्याच्या बाजूनं हा शब्द घडलेला नाही. लोक 'लाईन गेली' म्हणतात तेच खरं आहे.

संत्रावाला (वरुड)

मॅडम, अगदी मनातलं बोलल्या. आमच्या आईनं 'भारनियमन' हा शब्द कधीच तोंडात घेतला नाही, लाईन गेली अन् लाईन आली एवढंच. अन् मले दुःख याचं आहे की चंद्रपूरले २९२० मेगावॅटचं केंद्र, कोराडी, खापरखेडा, तिरोडा, मौदा, नांदगावपेठ, पारस, एवढं सगळं आपल्या भोवती, राख आपल्या वावरावर पडते, अन् लाईन आपलीच जाते. ग्रीड एक आहे हे काकांनी सांगितलं ते समजलं, पण गट पाडतानी कोणाचा नंबर आधी लावायचा हे काही फ्रिक्वेन्सी ठरवत नाही, ते माणसं ठरवतात. म्हणून तिथं 'आदेश' हाच शब्द वापरला पाह्यजे, सूचना अन् नियमन म्हणून तो मऊ करू नये.

जुना ऑपरेटर

हे मान्य. किती मेगावॅट कमी करायचे ते ग्रीडची गरज ठरवते, कोणाच्या फीडरवर कमी करायचे ते धोरण ठरवते. दोन्ही वेगळं लिहा.

धुऱ्यावरचा (दारव्ह्याकडे)

खूप कळलं सगळ्यांकडून. आणखी एक विचारतो, भाचा पुण्यात शिकते, तो म्हणे अमेरिकेतही सरकारनं असाच आदेश काढून कोळशाचं केंद्र चालू ठेवलं. तिथं पण निदेशच म्हणायचं काय?

काळा कोट (आर्वी)

नाही, तिथं वेगळं. तिकडं १९३५ पासूनच्या फेडरल पॉवर ॲक्टमध्ये कलम २०२(सी) आहे, त्यात आणीबाणी हा शब्द सरळ आहे. युद्ध चालू असताना, किंवा मागणी अचानक वाढली, वीज, इंधन, पाणी, यंत्रणा कमी पडली अशी आणीबाणी असताना ऊर्जा खातं हुकूम काढू शकतं. म्हणून तिकडच्या बातमीत 'आणीबाणीचा आदेश' लिहिलं तर चूक नाही.

भाचा म्हणतो ते मिशिगन राज्यातलं कॅम्पबेल केंद्र असावं. ३१ मे २०२५ ला ते कायमचं बंद व्हायचं ठरलं होतं, त्याच्या आठवडाभर आधी, २३ मेला, हुकूम निघाला की चालू ठेवा. ९० दिवसांसाठी होता, पुढे वाढवला. तिथं वाद असा की खरंच आणीबाणी होती का, की मुदत संपत आलेलं केंद्र चालू ठेवायला तो शब्द वापरला, अन् त्याचा खर्च त्या भागातल्या ग्राहकांनी काहून भरायचा. याच कलमाचा वापर फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात झाला तेव्हा असा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही, कारण बर्फाच्या वादळात केंद्रंच गोठली होती अन् लाखो घरं थंडीत अंधारात होती, संकट डोळ्यासमोर होतं.

आपल्याकडेही हाच प्रश्न निघतो. मे २०२२ चा तुटवडा खरा होता. पण तीच 'असाधारण परिस्थिती' एकामागून एक मुदतवाढीत वर्षानुवर्षं चालली तर ती असाधारण कशी, हे विचारायचा अधिकार शब्दानंच दिलेला आहे.

मराठीच्या मॅडम (वर्धा)

आणि म्हणूनच मी म्हणते 'आपत्कालीन' सरसकट लावू नये. उन्हाळा दरवर्षी येतो. मे महिन्यात मागणी वाढणार हे माहीत असतं, ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला टेकली, पण ते एका रात्रीत आकाशातून पडलं नाही. ज्याची तयारी आधी करता आली असती त्याला आपत्ती म्हटलं की तयारी न करणाऱ्याची सुटका होते.

'रिलायबल' साठी पण पेपरात 'विश्वासार्ह ग्रीड' येतं, ते माणसाबद्दल किंवा बातमीबद्दल बोलल्यासारखं वाटतं. 'भरवशाची वीज' म्हणा, वावरात जाणाऱ्या माणसाला भरवसा लागतो.

अन् ग्रीडला 'वीजजाळं' म्हणता येईल पण मी आग्रह धरणार नाही.

जुना ऑपरेटर

ग्रीडच लिहा. गावात पोट्टे पण ग्रीड म्हणतात.

अन् एक शब्द राहून गेला, 'आवाहन'. ५ एप्रिल २०२० ले रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं, आदेश नव्हता, तरी देशाचा लोड जवळपास ३१,००० मेगावॅट खाली आला. लोड कमी होणं पण ग्रीडले तेवढंच अवघड असते, फ्रिक्वेन्सी वर जाते. पाण्यावरची केंद्रं आधी वाढवून अन् मग पटापट उतरवून सांभाळलं लोकांनी. तं ऐच्छिक गोष्टीले आदेश म्हणू नका अन् सक्तीच्या गोष्टीले आवाहन म्हणू नका, 'ग्राहकांना वीज कमी वापरण्याचे आवाहन' असं छापून येते अन् तासाभरात फीडर बंद, हे मी पाह्यलं आहे.

धुऱ्यावरचा (दारव्ह्याकडे)

मंग फळ्यासाठी असं लिहिलं आहे, तपासून द्या :

"पुढं असा निदेश निघाला तर : सरकारने वीजकेंद्रांना पूर्ण चालवायला सांगितलं आहे. हे लोडशेडिंग नाही. आता वीज कमी पडणार नाही."

जुना ऑपरेटर

पहिली दोन वाक्यं चांगली. तिसरं काढा. केंद्र चालवायला सांगितलं म्हणजे तुमच्या डीपीवर लाईन राहीलच असं कोणी लिहून दिलेलं नाही, मधात पारेषणची लाईन आहे, उपकेंद्र आहे, फीडर आहे, वाऱ्यावादळात तार तुटते. लोक तुमच्या फळ्यावर भरवसा ठेवतात. त्याच्या जागी गावच्या फीडरचं वेळापत्रक लिहा, दिवसा कोणते वार अन् रात्री कोणते, अन् ते लिहिण्याआधी उपकेंद्रात फोन लावून विचारा.

संत्रावाला (वरुड)

अन् 'निदेश' च्या जागी फळ्यावर 'सरकारचा हुकूम' लिहा भाऊ. निदेश मॅडमच्या वहीत शोभते, म्हाताऱ्याले हुकूम लवकर कळते.

मराठीच्या मॅडम (वर्धा)

हुकूम चालेल. अरबीतून आलेला असला तरी मराठीत कित्येक पिढ्यांचा आहे, आणि कोणी कोणाला सांगितलं ते लपवत नाही. फक्त 'सरकारचा वीजकेंद्रांना हुकूम' असं पूर्ण लिहा, कोणाला ते गाळू नका, नाहीतर परत लोक तो आपल्यालाच समजतील.

धुऱ्यावरचा (दारव्ह्याकडे)

फोन लावला होता, या आठवड्याचं वेळापत्रक मिळालं, सोमवार ते बुधवार दिवसा अन् बाकीचे दिवस रात्री. ते आजच लिहून टाकलं. अन् पुढच्या वेळेसाठी वहीत ही ओळ पक्की करून ठेवली : "सरकारचा वीजकेंद्रांना हुकूम, केंद्रं पूर्ण चालवा. हे लोडशेडिंग नाही. आपल्या फीडरचं वेळापत्रक खाली पाहा."